पालिकेच्या नळाला आरओ कशाला?

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत नव्या घराचा ताबा मिळाला की स्वयंपाकघरात पहिलं यंत्र चढतं ते आरओचं. कुणी विचारत नाही की नळाला येणाऱ्या पाण्यात काय आहे. आरओ नसलेल्या घरात पाहुण्याला पाणी द्यायलासुद्धा लोक कचरतात. हा समज आता इतका पक्का झाला आहे की त्याच्याविरुद्ध बोलणारा माणूस मुलांच्या तब्येतीशी खेळणारा ठरतो.

हा समज बाळगणाऱ्यांचं म्हणणं आधी त्यांच्याच शब्दांत मांडतो. ‘बीएमसीचं पाणी आता पिण्यासारखं राहिलेलं नाही. पाइप जुने, ते गटाराशेजारून जातात, सोसायटीची टाकी वर्षानुवर्षं कुणी धूत नाही. मूल आजारी पडलं तर पालिका येणार आहे का? आरओ म्हणजे शेवटचा शब्द, त्यातून काहीच सुटत नाही. थोडं पाणी वाया जातं हे खरं, पण पालिकेचं रोज कोट्यवधी लिटर गळतं, त्यापुढे आमच्या दोन बादल्या कुठे? आणि ते पाणीही आम्ही लादी पुसायला वापरतो. आता तर इको-फ्रेंडली आरओसुद्धा मिळतात.’ मुद्दे हे एवढेच, आणि मुंबई उपनगरापुरतं बोलायचं तर यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा चुकीच्या पायावर उभा आहे.

पाणी येतं कुठून, इथून सुरुवात करू. विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि मध्य वैतरणा असे सात जलसाठे या शहराला पाणी पुरवतात. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा. हे दोन्ही आपल्याच राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहेत. बाकीचे शंभरेक किलोमीटरवर, काही त्याहून दूर, सह्याद्रीच्या पायथ्याला आणि कुशीत. हे सगळं पावसाचं पाणी. ते काळ्या कातळावरून वाहत येतं आणि महिनोन्‌महिने जमिनीखाली मुरत बसत नाही, म्हणून त्यात क्षार फार विरघळत नाहीत. आपल्या नळाच्या पाण्यात लिटरमागे साधारण शंभर मिलिग्रॅमच्या आसपास, बरेचदा त्याहूनही कमी क्षार असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० मिलिग्रॅमपर्यंतचं पाणी चांगलं मानलं आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालतं. चवीच्या अंगाने जागतिक आरोग्य संघटना ६०० च्या आतल्या पाण्याला चांगलं म्हणते आणि क्षार फारच कमी असतील तर पाणी बेचव लागतं हेही सांगते. मग शंभराच्या पाण्यातून क्षार काढणारं यंत्र आपण भिंतीवर कशासाठी लावतो?

कारण आरओचं मुख्य काम तेच आहे. पाणी दाबाने पडद्यातून ढकलायचं आणि विरघळलेले क्षार मागे ठेवायचे. हे तंत्र खाऱ्या पाण्यासाठी घडवलं गेलं. मुंबई महापालिकेने मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प आखला आहे, तिथे आरओ हवाच, कारण समुद्राच्या पाण्यात लिटरला पस्तीस हजार मिलिग्रॅम क्षार असतात. पस्तीस हजारांसाठीचं तंत्र शंभरासाठी वापरणं याला मी सावधगिरी म्हणत नाही. ही उधळपट्टी आहे.

तरी लोक ते विकत घेतात, कारण त्यांना घाबरवलं जातं. विक्रेता घरी येतो, खिशातून पेनासारखा टीडीएस मीटर काढतो, नळाच्या पाण्यात बुडवतो आणि आकडा दाखवतो. ‘बघा ताई, ऐंशी. आमच्या पाण्यात दहा.’ ऐंशी हा आकडा उत्तम आहे हे तो सांगत नाही. हा मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि तिच्यावरून क्षारांचा अंदाज देतो. कॉलरा, टायफॉइड, कावीळ यांचे जंतू त्याला दिसतच नाहीत. डिस्टिल्ड वॉटरमध्ये थेंबभर सांडपाणी मिसळलं तर मीटरचा आकडा जेमतेम हलेल आणि पाणी मात्र माणसाला अंथरुणाला खिळवू शकेल. टीडीएस मीटरने पाणी सुरक्षित आहे का ते ठरवणं म्हणजे ताप आहे का हे वजनकाट्यावर उभं करून पाहणं.

त्याच्या पिशवीतला दुसरा प्रयोग तर सरळ फसवणुकीचा आहे आणि तो नीट समजून घेतला पाहिजे, कारण आरओसाठी मन वळवणारं दृश्य तेच असतं. दोन ग्लास ठेवतात, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. दोन्हींत धातूच्या दांड्या सोडून वीज चालू करतात. मिनिटभरात नळाचं पाणी हिरवट-तपकिरी होतं, त्यात गाळ तरंगायला लागतो. आरओचं पाणी स्वच्छ राहतं. घरातली माणसं हादरतात: हे आम्ही इतकी वर्षं पीत होतो? नाही, हे तुम्ही कधीच पीत नव्हता. तो गाळ दांडीतल्या लोखंडाचा आहे. पाण्यात थोडे क्षार असले की वीज वाहते, लोखंड विरघळतं आणि त्याचा गंज तयार होतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ उरलेलेच नसतात, म्हणून वीज फारशी वाहत नाही आणि लोखंड विरघळत नाही. विश्वास बसत नसेल तर पुढच्या वेळी विक्रेत्याच्या समोर आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि तोच प्रयोग पुन्हा करायला लावा. ते पाणी नळाच्या पाण्याहूनही काळं पडेल. मीठ विषारी आहे, असा निष्कर्ष तेव्हा कुणी काढेल का? शिकलेल्या, विज्ञान घेऊन पदव्या मिळवलेल्या घरांमध्ये हा प्रयोग चालतो याची मला खरी चीड येते. शाळेत विद्युतविघटन शिकलेली ही माणसं. त्यांनी एक प्रश्न विचारला असता तर तो विक्रेता पिशवी आवरून गेला असता.

आता जुन्या पाइपांचा मुद्दा. तो मी मान्य करतो, आणि एवढाच मान्य करतो. भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रातून पाणी तुरटीने निवळून, गाळून, क्लोरीन घालून निघतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारतीय मानक ब्युरोने राज्यांच्या राजधान्यांमधलं नळाचं पाणी तपासलं तेव्हा मुंबईचे दहाही नमुने मानकांत बसले आणि दिल्लीचे अकराही नापास झाले. पण केंद्र आणि तुमचा नळ यांच्या मध्ये फार मोठं जाळं आहे. पाणी दिवसातून काही तासच येतं. बाकीचा वेळ नळ्या रिकाम्या किंवा कमी दाबाच्या राहतात, आणि कुठे भेग असेल तर शेजारचं सांडपाणी आत ओढलं जातं. हुबळी-धारवाडमध्ये चोवीस तास पाणी येणारे भाग आणि ठरावीक वेळीच येणारे भाग यांची संशोधकांनी तुलना केली होती. ठरावीक वेळीच येणाऱ्या पाण्यात जंतूंचं प्रमाण जास्त सापडलं, विशेषतः पाणी सुटल्यावरच्या पहिल्या धारेत. आपल्याकडे त्यात भर घालतात त्या इमारतींनी मुख्य नळीला थेट लावलेल्या मोटारी. त्या लावायला बंदी आहे, तरी लावतात, आणि त्यांच्या ओढीने भेगांतली घाण आत येते. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस अंधेरी पूर्वेला मेट्रोच्या कामात वेरावलीची जलवाहिनी फुटली आणि कित्येक वस्त्यांचं पाणी काही दिवस बंद झालं. अशा दुरुस्तीनंतर येणारं पहिलं पाणी तर गढूळ असतंच.

हे सगळं खरं आहे. पण यातला एक तरी धोका क्षारांचा आहे का? गाळ आहे, जंतू आहेत, टाकीतली घाण आहे. मग उपाय गाळाचा आणि जंतूंचा हवा. गाळ धाग्याच्या साध्या फिल्टरने अडतो. जिवाणू अल्ट्राफिल्ट्रेशनच्या, म्हणजे यूएफच्या, पडद्याने अडतात. काही यूएफ यंत्रं विजेशिवाय, नुसत्या पाण्याच्या वजनावर चालतात आणि थेंबही फेकत नाहीत. विषाणूंचा धोका वाटत असेल तर अल्ट्राव्हायोलेट, म्हणजे यूव्ही, दिवा आहे. त्याला पाणी नितळ लागतं, म्हणून आधी गाळणी हवी. आणि या सगळ्याच्या वर आहे आपल्या आयांनी पिढ्यानपिढ्या केलेला उपाय. फडक्यातून गाळायचं, खळखळून उकळायचं, झाकून निववायचं, ओगराळ्याने काढायचं. पावसाळ्यात पालिकेचे डॉक्टर हेच सांगतात. कावीळ आणि गॅस्ट्रोच्या जंतूंना उकळत्या पाण्यात जागा नाही. यांत कुठेही आरओसारखे एका लिटरसाठी तीन लिटर सोडून द्यावे लागत नाहीत.

‘पण आरओही जंतू अडवतोच ना?’ अडवतो. पण पडदा जपण्यासाठी त्याच्या आधीचा कार्बन फिल्टर पालिकेने घातलेलं क्लोरीन काढून टाकतो. ते क्लोरीन रस्ताभर पाण्याचं रक्षण करत आलेलं असतं. मग पडद्यातून आलेलं पाणी यंत्राच्या प्लॅस्टिकच्या टाकीत क्लोरीनविना साठून राहतं, आणि ती टाकी आतून कधी साफ झाली हे किती घरांना सांगता येईल? सर्व्हिसिंगवाला सहा महिन्यांनी येतो, फिल्टर बदलतो, बिल देतो आणि जातो. सोसायटीच्या टाकीवर अविश्वास दाखवून माणसं घरात तशीच एक लहान टाकी आणतात.

एका गोष्टीकडे तर कुणी पाहतच नाही. कित्येक आरओ यंत्रांत टीडीएस कंट्रोलर असतो. तो करतो काय? पडद्यातून आलेल्या बेचव पाण्यात न काढलेल्या क्षारांचं पाणी पुन्हा मिसळतो. काही यंत्रांत त्यासाठी मिनरलचं वेगळं कार्ट्रिज असतं आणि ते वेगळ्या पैशांनी विकलं जातं. म्हणजे आधी पाण्यातले क्षार काढायचे, त्यासाठी पाणी गटारात सोडायचं, आणि मग क्षार परत घालायचे. यंत्र बनवणाऱ्यालाच कळलं आहे की हे क्षार पाण्यात असायला हवेत. मग आधी काढले का? या प्रश्नाचं उत्तर विक्रीच्या माहितीपत्रकात मिळत नाही.

आता वाया जाणाऱ्या पाण्याचा हिशेब. चौघांच्या घरात पिण्याला आणि स्वयंपाकाला दिवसाला पंधरा लिटर धरू. घरगुती आरओ यंत्रं साधारण चारातलं एक लिटर देतात आणि तीन सोडतात. म्हणजे त्या घराचं रोज पंचेचाळीस लिटर पाणी मोरीत जातं. वर्षानुवर्षं मुंबईत पालिकेचं परिमाण असं राहिलं की इमारतीत माणशी १३५ लिटर आणि झोपडपट्टीत माणशी ४५ लिटर. तुमच्या ओट्याखालच्या बारीक नळीतून रोज गटारात जातं ते त्या परिमाणाने कुर्ला-मानखुर्दच्या झोपडपट्टीतल्या एका माणसाचं दिवसभराचं पाणी आहे. शंभर घरांची सोसायटी असेल तर दिवसाला साडेचार हजार लिटर, वर्षाला सोळा लाखांहून जास्त. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर दीडशेहून अधिक टँकर. हीच सोसायटी मे महिन्यात पाणीकपातीविरुद्ध वॉर्ड ऑफिसवर निवेदन घेऊन जाते.

डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर सांगितलं की वस्ती बेकायदा असली तरी तिथल्या माणसाला पिण्याचं पाणी नाकारता येणार नाही, तो जगण्याच्या हक्काचा भाग आहे. इमारतीतल्या आपल्याला तो हक्क मागावाच लागला नाही. मागावा लागला असता तर ते पाणी असं सोडवलं असतं का? आणि हे पाणी ज्या तालुक्यातून येतं तिथे एकदा उन्हाळ्यात जाऊन पाहा. तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणं शहापूर तालुक्यातली. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बायका टँकरची वाट पाहत हंडे लावून बसतात. त्यांच्या शेजारून मोठमोठ्या जलवाहिन्या आपल्याकडे येतात. त्या वाहिनीतल्या पाण्याचे तीन वाटे आपण चव बदलण्यासाठी फेकणार असू, तर त्या बायकांना सांगायला आपल्याकडे कोणतं कारण आहे?

यावर ‘पालिकेचीच गळती बघा’ हे उत्तर ठरलेलं असतं. गळती आणि चोरी मोठी आहे, दिवसाला शेकडो दशलक्ष लिटरची, आणि ती थांबवणं पालिकेचं काम आहे. त्यासाठी नगरसेवकाला, अभियंत्याला, आयुक्तांना धारेवर धरा, मी तुमच्या सोबत येईन. पण पालिका गळते म्हणून मीही गळू देतो, हा युक्तिवाद आपण दुसऱ्या कुठल्या बाबतीत मान्य करतो? शेजाऱ्याने कर बुडवला म्हणून आपला कर माफ होतो का? पालिकेच्या गळतीचं काही पाणी तरी जमिनीत मुरतं. आरओचं पाणी सरळ सांडपाण्याच्या नळीत जातं, आणि तिथून पुढे ते वाहून नेण्याचा, शुद्ध करण्याचा खर्चही आपल्याच करातून होतो. जून २०२४ मध्ये तलाव आटले म्हणून पालिकेने दहा टक्के पाणीकपात केली. त्या दिवसांतही ही यंत्रं पूर्वीइतकंच पाणी टाकत होती.

‘आम्ही ते पाणी लादीला वापरतो.’ काही घरं वापरतात, त्यांचं कौतुक आहे. पण बहुतेक स्वयंपाकघरांत ती नळी सिंकच्या तोंडाशी चिकटवलेली असते. रोज पंचेचाळीस लिटर पाणी बादलीत धरून, उचलून, पुरवून वापरणं हे घरातल्या बाईच्या किंवा कामाला येणाऱ्या मावशींच्या अंगावर पडणारं काम आहे, आणि ते महिनाभरात बंद पडतं. पडलं नाही तरी मूळ प्रश्न उरतोच. लादी पुसण्याजोगं पाणी तयार करायला शंभर किलोमीटरवरून आणलेलं, भांडुपला शुद्ध केलेलं पाणी लागतं का?

इको-फ्रेंडली आरओ हे नाव मी तर स्वीकारतच नाही. नवी यंत्रं पूर्वीपेक्षा कमी पाणी टाकतात, ही सुधारणा आहे. पण गरज नसताना कमी टाकणं हेही टाकणंच. शिवाय पडदा, कार्बन, गाळाचा फिल्टर ही सगळी प्लॅस्टिकची नळकांडी वेळोवेळी बदलून शहराच्या कचऱ्यात जातात. मे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने सांगितलं होतं की ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षारांच्या पाण्याला आरओ वापरण्यावर बंदी आणा, आणि जिथे परवानगी असेल तिथे साठ टक्क्यांहून अधिक पाणी वाचलं पाहिजे. त्याआधी नागपूरच्या नीरी, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि दिल्लीच्या आयआयटीतल्या तज्ज्ञांच्या समितीने अहवाल दिला होता: नदी-तलावाचं पाणी पालिका पुरवत असेल तर आरओची गरज नाही. यंत्र बनवणाऱ्यांची संघटना त्यावर सर्वोच्च न्यायालयात गेली. धंदा वाचवायला कोर्टात जाणं त्यांचा हक्क आहे. पण तज्ज्ञांचं मत विक्रेत्याच्या माहितीपत्रकापुढे आपण दुय्यम का मानावं?

आरओ वाईट आहे असं मी कुठेही म्हणत नाही. अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. तिथे आरओ हवा, आणि गावोगाव हवा. यवतमाळ-चंद्रपूरच्या फ्लोराइडच्या गावांत हवा. आपल्या उपनगरातही ज्या टॉवरला पालिकेची जोडणी पुरत नाही आणि जो बोअर किंवा टँकरवर आहे, वर्सोव्याच्या किनाऱ्याजवळ जिथे बोअरला खारं लागतं, तिथल्या माणसाने आधी पाणी प्रयोगशाळेत तपासावं आणि क्षार ५०० च्या वर निघाले तर आरओ घ्यावा. तो त्याचा हक्क आहे. पण पालिकेच्या नळाला आरओ लावणाऱ्याने खारपाणपट्ट्याचं नाव घेऊ नये.

मग काय करावं? सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत टाकीचा विषय घ्या. जमिनीखालची आणि गच्चीवरची, दोन्ही टाक्या वर्षातून दोनदा रिकाम्या करून धुतल्याच पाहिजेत, झाकणं घट्ट बसली पाहिजेत, मुख्य नळीला थेट मोटार असेल तर ती काढली पाहिजे. एका धुण्याचा खर्च घरटी वाटला तर आरओच्या एका वर्षाच्या सर्व्हिसिंगच्या जवळपासही जात नाही. पाण्याची शंका आली तर एचटूएसची बाटली आणा. ही चाचणी ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात तयार झाली. पाणी भरून ठेवायचं, मैल्याचे जंतू असतील तर ते काळं पडतं. टीडीएस मीटर जे कधीच सांगू शकत नाही ते ही स्वस्त बाटली सांगते. काळं पडलं तर १९१६ वर तक्रार करा, पालिकेला नमुना घ्यायला लावा, दुरुस्ती होईपर्यंत उकळून प्या. घरात यंत्र हवंच असेल तर गाळणी आणि यूएफ घ्या, लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर यूव्ही जोडा. विक्रेत्याला स्वच्छ सांगा की आरओ नको. तो म्हणेल, सगळे हेच घेतात. त्याला विचारा, आमच्या इमारतीच्या पाण्यातले कुठले क्षार काढायचे आहेत, आणि ते किती आहेत हे लेखी दे.

आणि घरी आधीच आरओ लागलेला असेल तर पुढचा पडदा बदलायची वेळ येईपर्यंत थांबू नका. सर्व्हिसिंगवाल्याला फोन करून विचारा की पडदा काढून तेच यंत्र यूव्ही-यूएफवर चालतं का. बऱ्याच यंत्रांत ते होतं, फक्त ते त्याने स्वतःहून सांगितलेलं नसतं.